एवढा पसारा कशाला मांडला?

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस की सर्नवाल्यांनी (जिनिव्हाजवळची ती कणभौतिकीची प्रयोगशाळा) एकच दणदणीत डेटा सेंटर का नाही बांधलं, जगभर पसारा कशाला. तेव्हा मी महापेला शिफ्टला निघालो होतो, म्हणून आता नीट लिहितो.

कारण ऐकून हसशील, टेक्निकल कमी आणि पैशाचं जास्त आहे. आधी सगळं एकाच छपराखाली होतं की, 1965 ला सीडीसी 6600 नावाचं मोठं मशीन आणलं, मग आयबीएम, क्रे वगैरे, आणि 90 च्या आसपास शिफ्ट नावाच्या प्रोजेक्टमध्ये स्वस्तातली युनिक्स मशीनं जोडून मेनफ्रेमची कामं करून दाखवली तशी मोठ्या मशीनची सद्दी संपत गेली. पण एलएचसीचा, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या त्यांच्या महाकाय यंत्राचा, हिशोबच बसेना. तिथे सेकंदाला 4 कोटी वेळा प्रोटॉनचे गुच्छ एकमेकांतून जातात, ट्रिगर, म्हणजे कामाच्या टकरी निवडणारी चाळणी, बहुतेक सगळं जागच्या जागी फेकून देतो, तरी वर्षाला कित्येक पेटाबाइट (एक म्हणजे दहा लाख गिगाबाइट) उरतातच. एवढ्याला पैसा लागणार सगळ्या देशांचा, आणि कुठलं सरकार म्हणेल की घ्या आमचे पैसे आणि मशीनं, माणसं, सगळं तुमच्याकडेच ठेवा? स्वतःच्या देशात खर्च करायचा तर मंजुरी मिळते. म्हणून वाटून घेतलं, देशोदेशीच्या सेंटरांचं हे जाळं म्हणजेच ग्रिड. आजही सर्नचा स्वतःचा वाटा 20 टक्क्यांच्या आतबाहेर, बाकीचं 40 हून जास्त देशांत.

1998 च्या सुमारास मोनार्क नावाचा अभ्यास झाला, त्यात सेंटरांची उतरंड ठरली: सर्न टियर 0 (टियर म्हणजे पायरी), खाली मोठी टियर 1, त्याखाली टियर 2. आपल्या कुलाब्याचं टीआयएफआर हे सीएमएसचं टियर 2, कोलकात्याचं व्हीईसीसी अ‍ॅलिसचं (सीएमएस, अ‍ॅलिस, अ‍ॅटलस हे एलएचसीवरचे प्रयोग). सगळी आखणी नेटवर्क कमी पडणार या भीतीवर, म्हणून डेटा आधीच ठरल्या जागी पोचवायचा आणि जॉब, म्हणजे त्या डेटावर चालवायचा प्रोग्रॅम, त्याच्या मागे पाठवायचा.

आणि झालं उलटंच! सर्न ते टियर 1 अशा 10 गिगाबिटच्या लाइनी पडल्या आणि नेटवर्क निघालं सगळ्यात भरवशाचं, रडत होत्या त्या साइट, म्हणजे ठिकठिकाणची सेंटरं. कुठे डिस्क फुल, कुठे सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुनं, जॉब तासन् तास रांगेत बसून शेवटी तिथे जाऊन मरायचा. मग पायलट जॉब आले, मला सगळ्यात आवडलेली आयडिया. खोपटच्या एसटी स्टँडवर आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो ना, तसंच, आधी एक रिकामा जॉब जाऊन मशीन धरतो, सगळं ठीक आहे का बघतो, मगच खरं काम मागवून घेतो. अ‍ॅटलसची पांडा ही जॉब वाटणारी सिस्टिम यावरच चालते. सॉफ्टवेअरचं दुखणं सीव्हीएमएफएस नावाच्या फाइल सिस्टिमने घालवलं, लागेल ती फाइल लागेल तेव्हा एचटीटीपीवरून येते आणि जवळच्या कॅशमध्ये राहते, प्रत्येक साइटवर इन्स्टॉल करत बसायला नको. (ही सोय आमच्याकडे कोणी आणेल तर मी पेढे वाटीन.)

मग उतरंडही ढिली पडली. सीएमएसने एक्सरूटडी या लांबून फाइल वाचायच्या सॉफ्टवेअरवर अशी सोय केली की जॉब एका खंडात आणि फाइल दुसऱ्यात, सरळ नेटवरूनच वाचायची. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा सर्नच्या डायरेक्टर जनरलनी अ‍ॅक्सिलरेटर आणि प्रयोगांच्या जोडीने ग्रिडलाही श्रेय दिलं होतं, आमच्या धंद्यातल्या लोकांना एवढं कोण देतं सांग. ग्रिडवर ओळख पटवायला लागणाऱ्या सर्टिफिकेटचा वैताग मात्र वर्षानुवर्षं राहिला, आता कुठे त्याजागी टोकन येतायत.

आता पुढची पंचाईत डिस्कची आहे. सर्नमधली डिस्कच 2023 मध्ये एक एक्साबाइटच्या (हजार पेटाबाइट) पुढे गेली, आणि हाय ल्युमिनॉसिटी एलएचसी, म्हणजे आणखी जास्त टकरी घडवणारी पुढची आवृत्ती, सुरू झाली की डेटा आणखी कितीतरी वाढणार. त्यामुळे स्टोरेज मोजक्याच मोठ्या साइटवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी नुसतं कॉम्प्युट द्यायचं अशी चर्चा सुरू असते. म्हणजे अर्धं तुझंच म्हणणं! पण मला नाही पटत, कारण डिस्क गेली की ती सांभाळणारा माणूसही हळूहळू जातो, आणि लहान साइटवर तोच एक माणूस सगळं बघत असतो. तू स्टोरेजवालाच आहेस, तुला काय वाटतं ते सविस्तर लिही, फोनवर नको, फोनवर तू नुसता भांडतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या