लख्ख उन्हातही बोट का सुटत नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत एका वाचकाने ग्रीसच्या सहलीचा अनुभव लिहिताना, क्रीट बेटावरून अथेन्सकडे जाणारी रात्रीची बोट 'लख्ख ऊन पडलेले असताना, कोणतेही कारण न देता' रद्द झाल्याबद्दल संताप व्यक्त केला आहे. त्यांचा मनस्ताप मी चांगला जाणतो, कारण जुलै महिन्यात क्रीटमधल्या हानिया शहरात मी आणि माझी पत्नी असेच दोन रात्री अडकून पडलो होतो, आणि तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीशी मी अशी काही हुज्जत घातली की आज तिची आठवणही नको वाटते. मात्र कारण दिले नाही, हे म्हणणे मला पटत नाही. आमच्या वेळी खिडकीच्या काचेवर एकच ग्रीक शब्द चिकटवलेला होता, 'अपागोरेफ्तिको', म्हणजे मनाई. कारण समोरच लिहिलेले होते. ते आम्हांला वाचता आले नाही, एवढेच.

ही मनाई बोटीच्या कप्तानाच्या मर्जीवर नसते आणि कंपनीच्याही नसते. हवामान खात्याचा अंदाज पाहून तटरक्षक दलाचे बंदर अधिकारी ती जाहीर करतात. साधारणपणे बोफर्ट मापनानुसार आठ अंश वाऱ्याचा, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वेगाचा अंदाज असला, की मोठ्या बोटींनाही बंदर सोडता येत नाही. लहान बोटी आणि जलद बोटी त्याआधीच थांबवल्या जातात. आमच्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की नाखवा होडी ओढून घेतो, तसाच हा प्रकार आहे. फरक असा की बावटा निदान दिसतो तरी.

आपली खरी फसगत होते ती आभाळामुळे. कोकणच्या माणसाला समुद्र खवळल्याची खूण म्हणजे काळे ढग आणि पावसाची झड. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा जो उत्तरेचा कोरडा वारा वाहतो, तो ढग घेऊन येत नाही. आभाळ निळेशार, दृष्टी लांबवर पोचणारी, आणि खाली पाण्यावर मात्र पांढऱ्या फेसाचे घोडे उधळलेले. बाल्कन प्रदेशावरचा हवेचा जास्त दाब आणि तुर्कस्तानावरचा कमी दाब यांच्यामधून हा वारा निर्माण होतो, आणि तो कमी दाबाचा पट्टा आपल्याकडे मोसमी पाऊस आणणाऱ्या पट्ट्याचेच पश्चिमेकडचे टोक मानला जातो. म्हणजे आपण नारळी पौर्णिमेची वाट पाहत होड्या किनाऱ्यावर ठेवतो, त्याच दिवसांत तिकडच्या बोटीही अधूनमधून अडतात, यात एका अर्थी नवल नाही.

या नियमांमागे माणसे गेलेली आहेत, हेही त्या वाचकांना माहीत असायला हवे. ७ डिसेंबर १९६६ च्या संध्याकाळी 'हेराक्लिऑन' नावाची बोट हानियाजवळच्या सूदा बंदरातून वादळी हवेत अथेन्सच्या पिरिअस बंदराकडे निघाली. मध्यरात्रीनंतर आत नीट न बांधलेली एक शीतवाहक मालमोटार हेलकाव्यांनी सुटली आणि बाजूच्या दारावर आदळत राहिली. दार तुटले, पाणी आत शिरले आणि फाल्कोनेरा या खडकाळ बेटाजवळ बोट बुडाली. दोनशेहून अधिक माणसे गेली. चौकशीअंती मालकाला तुरुंगवास झाला, आणि दुर्घटनेच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, क्रीटच्या सामान्य लोकांनी समभाग घेऊन स्वतःची बोट कंपनी उभी केली. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्स्प्रेस समीना' पारोस बेटाबाहेर, दिवा असलेल्या खडकावर आदळली. आतली जलरोधक दारे उघडीच राहिल्याने ती झपाट्याने बुडाली आणि सुमारे ऐंशी प्रवासी दगावले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ऐन पावसाळ्यात बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या किनाऱ्यावर मी वाढलो आहे. तरीही खिडकीपाशी मला ती आठवली नाही, आठवले ते फक्त हॉटेलचे बुकिंग.

प्रवाशाचे हक्क मात्र जरूर सांगावेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार बोट रद्द झाली, किंवा सुटायला दीड तासाहून अधिक उशीर होणार असला, तर दुसऱ्या बोटीने जायचे की तिकिटाचे पूर्ण पैसे परत घ्यायचे, ही निवड प्रवाशाची असते, आणि पैसे सात दिवसांत मिळायला हवेत. हॉटेलचा खर्च मात्र कारण धोकादायक हवामानाचे असेल तर कंपनीवर बंधनकारक नाही. आमचे दोन रात्रींचे भाडे आमच्याच खिशातून गेले.

एवढे होऊनही विमानापेक्षा बोटच घ्या, असे मी कोणालाही सांगेन. तिसऱ्या रात्री आमची बोट सुटली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिच्या कित्येक पट मोठी बोट डोळ्यांसमोर आणावी (ती आपली बोटही ग्रीसमध्येच बांधलेली आहे). मागचा उतार धक्क्यावर टेकतो, मालमोटारींच्या शेजारून आपण चालत आत शिरतो आणि सरकत्या जिन्याने वर जातो. खोली घेतली तर बिछाना मिळतो. न घेतली तर डेकवरचे स्वस्त तिकीट आणि सोबत एक शाल पुरते. पत्नीला बोट लागली, मला नाही. सुमारे नऊ तासांनी, पहाटे पिरिअस येते. क्रीटच्या बोटी मेट्रो स्थानकापासून लांब लागतात, पण बंदराच्या आवारात मोफत बस फिरते आणि २०२२ पासून तिथून थेट विमानतळापर्यंत मेट्रो आहे.

नेमकी हीच सोय आपल्या पुरवणीतल्या आठ दिवसांच्या आराखड्याला नडली आहे. त्यात शेवटच्या रात्री क्रीटहून बोट आणि त्याच सकाळी मुंबईचे विमान, अशी सांगड घातली आहे. तो आराखडा कृपया दुरुस्त करून पुन्हा छापावा: बेटे आधी घ्यावीत, अथेन्स शेवटी ठेवावे, आणि बोट व विमान यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा.

आपला,
एक नियमित वाचक, रेवदंडा (जि. रायगड)