उंदराच्या डोक्यातला दिवा आणि आपली कॉलेजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उंदराच्या मेंदूतल्या पेशी प्रकाशाने चेतवण्याच्या प्रयोगांवरचा आपल्या पुरवणीतला ‘प्रकाशाने मेंदूवर ताबा’ हा लेख वाचला. लेख बरा, मथळा मात्र भलताच. टॉर्च मारून माणूस चालवता येईल का, अशी चर्चा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस रंगली. नाही येणार. मेंदूतल्या चेतापेशींना प्रकाश मुळात कळतच नाही. एका हिरव्या शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक आधी विषाणूमार्फत त्यांच्यात पोचवावे लागते; मग निळा प्रकाश पडला की पेशी चेतते. स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे चेतापेशींत करून दाखवले.

लेखातून राहून गेला तो कारागिरीचा भाग. निळा प्रकाश मेंदूत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, म्हणून तो आतच न्यावा लागतो. सुरुवातीला लेझरची फायबर उंदराच्या डोक्यात बसवत. पण वायरीला बांधलेला उंदीर मोकळ्यासारखा वागेल कसा? दोन एकत्र सोडले तर नुसता गुंता. २०१३ मध्ये जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकास या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) रुंदीचे एलईडी एका लवचीक पट्टीवर बसवले. पट्टी इतकी मऊ की आपल्या जोरावर मेंदूत घुसत नाही. ती रेशमातल्या प्रथिनाने सुईला चिकटवली, सुई टोचली आणि रेशीम विरघळल्यावर काढून घेतली. पट्टी आत राहिली. मला तर जनुकांपेक्षा ही युक्ती जास्त भावली.

जळगावच्या भाषेत सांगायचे तर प्रयोगातला उंदीर अडीच तोळ्यांचा. त्याच्या डोक्यावर बॅटरीचे ओझे नको, म्हणून बाहेरून रेडिओलहरींनी वीज देतात. टॅप करून पैसे भरायच्या कार्डात असते तशीच बारीक कॉइल लावून. एलईडी तापला तर पेशी प्रकाशाने चेतली की उष्णतेने, हेच कळत नाही. शिवाय शरीरातले खारे पाणी कोटिंगमधून झिरपले की सर्किट मेले.

आता मुद्दा आपल्याकडचा. खान्देशातल्या कॉलेजांची प्रोजेक्ट प्रदर्शने मी आवडीने पाहतो. दरवर्षी तेच ठिबकचे टायमर आणि रेषेवरून धावणाऱ्या गाड्या. (ठिबकवर राग नाही, आमची केळी त्यावरच जगते.) इकडे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत पोरे मायक्रोस्कोपखाली हॉट एअरने आयसी उचलतात, पुन्हा बसवतात. ते शेवटच्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना जमेल?

उंदरांवर प्रयोग करा, असे मी म्हणत नाही. त्याला परवानग्या लागतात, प्राणिगृह लागते, आणि ते योग्यच आहे. पण सगळ्यात लहान एलईडी घ्या, बारीक वायर जोडा, सिलिकॉनचे कोटिंग द्या आणि औषधाच्या दुकानातल्या सलाइनमध्ये ३७ अंशांवर बुडवून ठेवा. किती दिवस पेटतो आणि कुठून गळतो, ते लिहून काढा. असे इम्प्लांट बनवणाऱ्या प्रयोगशाळाही आधी हीच चाचणी घेतात. खर्च काही हजारांचा. मार्गदर्शनाला त्या दुकानांतली पोरेच बोलवा, मानधन देऊन.

एखाद्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर सोल्डरिंगचे टेबल लावून द्यायला मी येईन. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण हात अजून थरथरत नाही.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, भुसावळ