आजीजवळ बसशील तेव्हा मास्क लाव

धंतोली, नागपूर

प्रिय सानू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मास्कने काही होत नाही असं त्या मोठ्या आढाव्यातच आलंय, मग आजीसमोर तोंड झाकून कशाला बसायचं?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आजीचं डायलिसिस सुरू झाल्यापासून घरात कुणी शिंकलं तरी माझा जीव खालीवर होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तू म्हणतेस तो कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०२३ चा आढावा. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत एका गटाला मास्क वाटले, लावायला सांगितलं आणि पुढे किती जण आजारी पडले ते मोजलं. ज्यांनी लावला नाही किंवा नाकाखाली ठेवला, तेही त्याच गटात. कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी नंतर स्वतःच खुलासा केला की यातून मास्क निरुपयोगी असल्याचं सिद्ध होत नाही, निष्कर्ष अनिर्णीत आहे. डेन्मार्कच्या २०२० च्या प्रयोगात मास्क गटात १.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना कोरोना झाला. फरक इतका लहान की त्यावरून काही ठरवता येईना. पण तिथे फक्त लावणाऱ्याचा बचाव तपासला होता. तुझ्या मास्कमुळे आजी वाचते का, हा प्रश्न त्यात नव्हताच, आणि आपल्याला तर तेवढंच पाहायचं आहे.

आपल्या जवळचा प्रयोग बांगलादेशचा. सुमारे ६०० गावं, ३ लाख ४० हजारांहून जास्त माणसं. काही गावांत मास्क वाटले, तिथे ते लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ वर गेलं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तरीही उघड्या तोंडाने फिरत होते. एवढ्यावरसुद्धा सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांनी. आजीच्या वयाकडे बघ आणि हा आकडा पुन्हा वाच.

कापडी मास्क मात्र आणू नकोस, एन-९५ लाव. हा चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क. त्याच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर विजेचा भार असतो, त्याने बारीक कण खेचले जातात, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, अडवायला सगळ्यात अवघड कणही निदान ९५ टक्के अडतात. साबणाने धुतला किंवा स्पिरिटने पुसला की तो भार जातो. गिऱ्हाईक धुतलेला मास्क दाखवून "अजून नवाच आहे" म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. झडपवालाही नको, कारण तुझा श्वास त्यातून न गाळता बाहेर पडतो.

आणि सगळा खेळ मास्क चेहऱ्यावर नीट बसण्याचा आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत गालापर्यंत ने. मग जोरात श्वास सोड. डोळ्यांकडे वारा आला, चष्म्यावर वाफ धरली, तर फट आहे, पुन्हा बसव. सर्जिकल मास्क गालाशी उघडाच राहतो, म्हणून तो दुसऱ्या क्रमांकावर.

डिसेंबरात इथे थंडी पडते, सगळे खिडक्या लावून बसतात. त्यात अधिवेशनामुळे शहरात बाहेरगावची गर्दी. विषाणू बंद खोलीतल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात, म्हणून आजीच्या खोलीची एक खिडकी मी उघडीच ठेवतो, ती कितीही कुरकुरली तरी. फ्लूची लस तिला देऊन झाली आहे. तूही निघायच्या आधी घे. परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात.

ट्रेनच्या एसी डब्यात लावूनच बस, जेवणापुरता काढ. घसा खवखवत असला तर तिकीट पुढे ढकल, आजीला मी समजावतो. दोन मापांचे मास्क आज कुरिअरने पाठवतोय. लावून बघ आणि कोणता नीट बसतो ते कळव, तेवढेच जास्तीचे मागवून ठेवतो.

तुझा,
बाबा