ज्याच्यासाठी नेमलंय त्याला एकदा भेटा तरी

संपादक महोदय, स.न.

सातबारावर 'अ.पा.क.' लिहिलेलं बऱ्याच जणांनी बघितलं असेल. जमीन पोराच्या नावावर, पण पोर लहान म्हणून आईचं नाव पालक म्हणून लागतं. ट्रस्टचं प्रकरण कोर्टात गेलं की साधारण तसंच, फक्त तिथे पालक कोर्ट नेमतं.

आमच्या आजोबांनी वाड्याचा प्रायव्हेट ट्रस्ट केला, लाभार्थी मुलं, नातवंडं आणि 'त्यांना पुढे होणारी अपत्ये'. आता वाडा रिडेव्हलपमेंटला द्यायचाय तर सह्या कोणाच्या घ्यायच्या? आतेभाऊ पन्नाशीचा पण त्याला व्यवहार कळत नाही, पुतण्याची पोरं चार आणि सहा वर्षांची, आणि जे जन्मलेच नाहीत त्यांची सही ब्रह्मदेवाकडूनच आणावी लागणार. पब्लिक ट्रस्ट असता तर राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागली असती, आमचा प्रायव्हेट, म्हणून १८८२ चा ट्रस्ट कायदा आणि दिवाणी कोर्ट. तिथे या सगळ्यांच्या वतीने एक वकील नेमले गेले.

कायदा वाईट नाहीये. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३२ म्हणते, ज्याचा स्वार्थ आड येतो त्याला पालक नेमायचं नाही, कोणीच तयार नसेल तर कोर्ट स्वतःचा कर्मचारी नेमू शकतं, आणि तडजोडीला कोर्टाची परवानगी हवीच. स्वतःचं हित सांभाळता न येणाऱ्या मोठ्या माणसालाही हेच लागू. (देवसुद्धा कोर्टात अज्ञानासारखाच, म्हणजे अल्पवयीन धरतात तसा! रामलल्लाचा १९८९ चा दावा निवृत्त न्यायाधीश देवकीनंदन अग्रवाल यांनी 'नेक्स्ट फ्रेंड', म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणारा, म्हणून लावला होता.) पण ज्याच्या वतीने बोलायचं त्याला जाऊन भेटा, असं अख्ख्या ऑर्डरमध्ये मला कुठे दिसलं नाही. उलट ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात बघा, लोकल लेव्हल कमिटीने नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, वर दरवर्षी हिशेब.

आमच्या वकीलसाहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या, 'हरकत नाही'. वाड्यात पाऊल टाकलं नाही. टाकलं असतं तर कळलं असतं की भाऊ लिफ्टमध्ये शिरला की ओरडायला लागतो, तळमजल्यावरच जन्म गेलाय त्याचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज सकाळी एकटा जाऊन दूध आणतो, तेवढाच त्याचा एक व्यवहार. नव्या बिल्डिंगमध्ये त्याला सहावा मजला दिलाय. एरिया जास्त मिळतोय म्हणे, म्हणून सगळे खुश!

'हरकत नाही' लिहायच्या आधी निदान एकदा प्रत्यक्ष भेट आणि काय बघितलं त्याचा लेखी रिपोर्ट, एवढं तरी कोर्टाने सक्तीचं करावं. फी ट्रस्टमधून घ्या, आम्ही नाही म्हणत नाही, पोरांना आणि न जन्मलेल्यांना खिसा कुठून असणार. पुढच्या तारखेला मी भावाला सोबत घेऊन जाणारे, जिन्यानेच.

एक वाचक, पुणे