शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात लहानपणी दिलेल्या भुलीचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, अशा आशयाची बातमी आली होती. बातमीतले एकही विधान खोटे नव्हते. तरीही ती वाचून आमच्या शेजारच्या कुटुंबाने आपल्या अकरा महिन्यांच्या मुलीच्या दुभंगलेल्या टाळूची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द केली. ‘तीन वर्षांची झाली की करू, तोवर धोका टळलेला असेल,’ असे तिच्या वडिलांचे म्हणणे पडले. मी एकतीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले आहे, म्हणून बातमीत जे राहून गेले ते लिहिणे मला भाग आहे.

तीन वर्षांचा हा आकडा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १४ डिसेंबर २०१६ रोजी दिलेल्या इशाऱ्यातून आला. खरे तर त्या इशाऱ्यात दोन ‘तीन’ होते. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार, किंवा सलग तीन तासांहून अधिक काळ भूल द्यावी लागली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता आहे, असे त्यात म्हटले होते. लोकांपर्यंत वर्षांचा आकडा पोहोचला, तासांचा वाटेत गळाला. एकदाच आणि थोडा वेळ दिलेल्या भुलीने असा परिणाम होण्याची शक्यता कमी आहे, हेही त्याच निवेदनात होते. आवश्यक शस्त्रक्रिया केवळ या भीतीने लांबवू नये, हे पुढच्याच वर्षी औषधांच्या माहितीपत्रकांत बदल करताना स्पष्ट केले गेले.

इशारा निराधार नव्हता. २००३ साली सात दिवसांच्या उंदरांच्या पिलांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन ही तीन औषधे मिळून सहा तास भूल दिली गेली, तेव्हा त्यांच्या मेंदूतील पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्याचे दिसले आणि मोठेपणी ती शिकण्यात मागे पडली. वाढीच्या काळात मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात. नेमक्या त्याच वेळी त्यांच्यातले संदेश बराच काळ दाबून ठेवले, तर काही पेशी स्वतःच नष्ट होण्याच्या मार्गाला लागतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माकडांच्या पिलांना सलग चोवीस तास केटामिन हे भुलीचे औषध दिल्यावरही असेच दीर्घकाळ टिकणारे दोष आढळले. मात्र सात दिवसांच्या आयुष्यातले सहा तास आणि अकरा महिन्यांच्या आयुष्यातला दीड तास यांचे गणित सरळ मांडता येत नाही. शिवाय शस्त्रक्रियागृहात आम्ही बाळाचा प्राणवायू, रक्तदाब आणि तापमान जसे क्षणोक्षणी पाहतो, तसे नखाएवढ्या पिलाच्या बाबतीत सांभाळणे सोपे नसते.

माणसांवरचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या बातमीत आलाच नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांची सात देशांतील २८ रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. निम्म्यांना सेव्होफ्लुरेन हे औषध हुंगवून पूर्ण भूल मिळाली आणि निम्म्यांना जागेपणीच कमरेखालचा भाग बधिर करणारे इंजेक्शन दिले गेले. पूर्ण भुलीचा काळ साधारण तासाभराच्या आतच होता. ही मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली, तर दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यंक ९९ च्या आसपास निघाला आणि फरक दशांशातच राहिला. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी अमेरिकेत १०५ भावंडांच्या जोड्यांची तुलना झाली होती, ज्यात एकाला तीन वर्षांच्या आत भूल मिळालेली होती आणि दुसऱ्याला नव्हती. तिथेही बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. स्वीडनमध्ये चार वर्षांच्या आत एकदा भूल मिळालेल्या तेहेतीस हजारांहून अधिक मुलांचे सोळाव्या वर्षीचे शालेय गुण तपासले, ते सरासरी ०.४१ टक्क्याने कमी भरले. आईचे शिक्षण किती किंवा मूल वर्षाच्या कोणत्या महिन्यात जन्मले, यानेही त्याहून मोठा फरक पडतो, हे त्याच अभ्यासात दिसले.

वारंवार भूल मिळालेल्या मुलांबाबत मात्र मी इतक्या निःशंकपणे लिहू शकत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात अशा मुलांचा बुद्ध्यंक इतरांएवढाच होता, पण विचारांचा वेग आणि बोटांची नाजूक कामे यांत ती थोडी मागे दिसली आणि पालकांनीही वागणुकीच्या व वाचनाच्या अडचणी अधिक नोंदवल्या. आता दोष औषधाचा की ज्या आजारापायी पुन्हापुन्हा टेबलावर जावे लागले त्या आजाराचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. तोवर दोन किरकोळ शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकता येतात का, हे शल्यविशारदांना विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. आमच्यापैकी काहींना तो प्रश्न आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

भूल टाळण्याचीही किंमत असते, आणि ती एकेकाळी बाळांनीच मोजली आहे. नवजात अर्भकाला वेदना फारशा कळत नाहीत, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी जेमतेम भूल देऊन त्यांच्यावर मोठ्या शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यकशास्त्र शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिले की, पुरेशी वेदनाशामक भूल मिळालेल्या अकाली जन्मलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी राहतात.

आता टाळूकडे येते. मराठीत डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळू म्हणतात आणि तोंडाच्या छतालाही, त्यामुळे ‘टाळू आपोआप भरून येते’ असे सांगणारी एखादी आजी भेटतेच. डोक्यावरची भरते. तोंडातली दुभंगलेली टाळू शिवावी लागते, आणि तीही बोलणे घडण्याच्या वयात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्या मुलांपैकी ८.९ टक्क्यांच्या, तर बाराव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी १५ टक्क्यांच्या टाळूचे काम पाचव्या वर्षी अपुरे आढळले. अशा मुलांची हवा बोलताना नाकावाटे निसटते आणि उच्चार अस्पष्ट होतात. सहा महिन्यांच्या उशिराचा हा फरक आहे. तीन वर्षांपर्यंत थांबल्यास काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा. जन्मजात मोतीबिंदू आणि बहिरेपणा यांचेही असेच आहे. २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून असे दोष असलेली मुले अंगणवाडीतच शोधली जातात. त्या आईवडिलांना शस्त्रक्रियेपर्यंत आणायला आधीच किती समजवावे लागते, हे मी पाहिले आहे.

चिंता करायचीच असेल, तर ती दुसऱ्याच गोष्टीची करावी. मी काम केलेल्या एका रुग्णालयात सकाळी आठच्या शस्त्रक्रियेसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलेले आठ महिन्यांचे बाळ यादी घसरत गेल्याने दुपारी दीडला आत आले. ते रडून थकले होते, ओठ सुकले होते, आईचा पदर दुधाने भिजला होता. बोट टोचून पाहिले तर साखर ४६, म्हणजे फारच कमी. यादी सकाळी मीही वाचली होती आणि मध्येच जाऊन बाळाला पाजायला सांगण्याचे मला सुचले नव्हते. अंगावरचे दूध चार तास आधीपर्यंत आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हा नियम तेव्हाही होता. बाळाच्या मेंदूला साखर, प्राणवायू आणि रक्तदाब कमी पडण्याचे भय निश्चित आहे आणि ते टाळणे आपल्या हातात आहे. म्हणून भूल कोण देणार, लहान मुलांचा त्यांना किती अनुभव आहे, आणि शेवटचे दूध किती वाजता पाजायचे, हे पालकांनी आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. संमतीपत्र मराठीत मागावे आणि ते सही करण्याच्या पाच मिनिटे आधी हातात पडू नये, असा आग्रह धरावा.

ज्या पानावर ती बातमी आली, त्याच पानावर या पत्रातला ७२२ बाळांचा भाग तरी छापावा, ही विनंती. शेजारच्या मुलीचे वडील परवा येऊन बसले होते. मी पुरवणीच्या मागच्या कोऱ्या जागेवर त्यांना हे आकडे लिहून दिले. जाताना दारात थांबून त्यांनी एवढेच विचारले, ‘काकू, नवी तारीख मिळाली तर पहाटेचं दूध द्यायचं ना?’ तारीख अजून मिळालेली नाही.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सातारा