सईच्या लॅपटॉपबद्दल, सोमवारच्या आत वाच

प्रिय विनू,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागवायचा तुला पूर्ण हक्क आहे. माझा गुडघा बरा आहे, शुगर आटोक्यात. पण काल रात्री तू कोटेशनचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'सोमवारी घेऊन टाकतो, एफडी मोडतोय.' ते वाचून गप्प बसवेना. तू एवढी घाई का करतोयस ते मला कळतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळवून तू जे.जे. आर्ट स्कूलचा फॉर्म भरलास, ते वर्ष मी विसरलेलो नाही. सई आता डिझाइनच्या कॉलेजात चाललीय, तिला काही कमी पडू नये, हे अगदी खरं. पण विनू, हे १,१८,००० रुपये भलत्या जागी चाललेत.

तो फोटो पुन्हा उघड. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत, आणि स्क्रीनपुढे बारीक टायपात '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी'. निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. इथंच घोडं पेंड खातंय. एनटीएससी हे जुन्या टीव्हीच्या जमान्यातलं रंगांचं माप. वेबसाठी आणि रोजच्या कामासाठी एसआरजीबी हा रंगसंच प्रमाण धरतात, आणि ४५ टक्के एनटीएससीवाला पडदा त्यातले जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर पोस्टर कलरच्या पेटीतून व्हर्मिलियन, क्रिमसन आणि ऑरेंजच्या बाटल्या काढून घ्यायच्या, मातकट इंडियन रेड आणि यलो ऑकर तेवढे हातात ठेवायचे आणि म्हणायचं, काढ झेंडूचं तोरण. सई केशरी लावेल, तो स्क्रीनवर मळका दिसेल, म्हणून ती अजून भडक करेल. तीच फाइल ज्युरीत, म्हणजे कॉलेजात काम तपासतात तेव्हा, चांगल्या मॉनिटरवर उघडली की डोळ्यांत खुपेल, आणि चूक कुठे झाली हे तिला उमगणारच नाही. तिचा डोळा घडायची ही चार वर्षं आहेत.

म्हणून यादीत पहिलं लिहून ठेव: १०० टक्के एसआरजीबी, किमान ३०० निट्स, खिडकीजवळ बसून काम करायचं तर ४०० चांगले. 'आयपीएस आहे की साहेब' असं दुकानदार म्हणेल. तो पडद्याचा एक प्रकार. आयपीएसमुळे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत, एवढंच. ४५ टक्केवाले पडदेही आयपीएस असतात. १४४ हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, त्याचा रंगाशी काही संबंध नाही, त्याचा फायदा गेम खेळणाऱ्याला. ओएलईडी प्रकारचा पडदा मिळाला तर रंग सुरेख असतात, मात्र मूळचे जास्त भडक दिसतात, तेव्हा सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड आहे ना ते बघ.

आणखी एक मेख आहे. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-दोन वेगळे पॅनेल येतात. नाव तेच, बॉडी तीच, प्रोसेसर तोच, फरक फक्त मॉडेल नंबरच्या शेवटच्या दोन-चार अक्षरांत. त्यामुळे कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून माग, तो कंपनीच्या साइटवर टाक आणि डिस्प्लेची ओळ स्वतः वाच.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ४०५० हे नाव वाचून तू खूश झालास, पण ते कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवर चालवायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. कमी वॅटवालं बरंच हळू चालतं. मशीन चालू करून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' दिसते.

मुळात सईला हे कार्ड लागणार आहे का? तिच्या कॉलेजात पहिलं वर्ष फाउंडेशनचं, म्हणजे सगळ्यांना सारखं, शाखा नंतर. प्रॉडक्ट किंवा इंटिरियरला गेली तर सॉलिडवर्क्स, थ्रीडीएस मॅक्स लागतील. ही दोन्ही फक्त विंडोजवर चालतात, आणि रेंडरिंगला, म्हणजे थ्रीडी मॉडेलचं पक्कं चित्र बनवायला, कार्ड हवंच. कम्युनिकेशनला गेली तर फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फिग्मा; त्याला १६ जीबी रॅम आणि चांगला पडदा पुरतो, मोठ्या कार्डाची गरज नाही. आणि ती लहानपणापासून दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गिरवत आलीय, हे तू मला सांगायला नको. उद्या देवनागरी टाइप डिझाइनकडे, म्हणजे फॉन्ट बनवण्याकडे, वळली तर ग्लिफ्स हे सॉफ्टवेअर लागेल, आणि ते चालतं फक्त मॅकवर. मॅकबुक एअर हलका, पडदाही चांगला, पण त्यात पंखा नाही. लांबलचक रेंडर लावलं की तापून वेग उतरतो. रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेताना १६ च्या खाली नको. शाखा ठरायच्या आधी मशीन घेणं म्हणजे बाजारात तुरी झालंय बघ.

फाउंडेशनला पेन्सिल, कागद, माती, पुठ्ठा, कटर हेच जास्त. त्यामुळे जुलैत काहीच घेऊ नकोस. कॉलेज सॉफ्टवेअरची यादी देईल, सीनियर मुलं लॅबमध्ये काय चालतं ते सांगतील. तोवर घरातला जुना लॅपटॉप आणि एक साधा छोटा पेन टॅब्लेट तिला पुरेल.

घ्यायला जाशील तेव्हा टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथं 'स्लॉट्स यूज्ड' २ पैकी १ की २ पैकी २ ते लिहिलेलं असतं. एक रिकामा असेल तर पुढे रॅम टाकता येईल. रॅमपुढे एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती बहुधा बोर्डाला डकवलेलीच, जेवढी घेशील तेवढीच कायमची. एसएसडी ५१२ जीबी चालेल, पण पुढे आणखी एक एसएसडी बसवायला दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते विचार. पेन ड्राइव्हवर काळी, पांढरी, लाल अशा एकरंगी फाइली आणि सईने स्वतः रंगवलेल्या एखाद्या चित्राचा चांगला फोटो घेऊन जा, मूळ कागदही सोबत ने. ब्राइटनेस पूर्ण करून कागद स्क्रीनशेजारी धर. तुझा डोळा कुठल्याही मापाहून खरा आहे. सायकल घेताना तू रंग बघत होतास, मी चेन बघ म्हणत होतो, आणि आठवडाभर बोलला नाहीस. आता मीच रंग बघ म्हणतोय, तेव्हा ते भांडण तू जिंकलास असं धर.

वजनही हातात घेऊन बघ. कार्डवाली मशीन बहुधा दोन-सव्वादोन किलोची, वर चार्जरची वीट वेगळी. ते सगळं पाठीवर घेऊन सई बसमध्ये चढणार.

वाचलेले पैसे दोन ठिकाणी घाल. अपघाती नुकसानाचं संरक्षण घे, कारण चहा सांडला किंवा स्क्रीन फुटली तर साधी वॉरंटी काही देत नाही. आणि १ टीबीची बाहेरची डिस्क. ज्युरीच्या आदल्या रात्री फाइल गेली की पोरं अक्षरशः रडतात. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दर वर्षी नव्याने नोंदणी करावी लागते. ब्लेंडर फुकटच.

वहिनींचा चष्मा झाला का? धाकट्याच्या दहावीचं लक्षात आहे, निकाल लागला की कळव. अण्णांना नमस्कार सांग.

तुझा,
दिलीप

ता. क. दुकानदाराला ॲडव्हान्स दिला असशील तर सौदा मोडण्याआधी 'हेच मॉडेल १०० टक्के एसआरजीबीमध्ये मागवता का' एवढं विचार. पावती फेकू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय, आपण दोघं त्याच्याकडे जाऊ.