घर पाहायला जाल तेव्हा आधी नळ सोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरखरेदीवर वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते, पण बहुतेक मजकूर कर्ज, हप्ते आणि कागदपत्रे यांपाशीच थांबतो. ते हवेच. मात्र ज्या भिंतींसाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्यांना हात लावून पाहा असे फारसे कुणी सांगत नाही. जुनी मोटारसायकल घेणारा ती चालू करून, चक्कर मारून, धूर बघून मगच पैशांचे बोलतो. घर मात्र पंधरा मिनिटांत, सगळे दिवे लावलेले आणि सगळे नळ बंद अशा अवस्थेत पसंत होते. आधी कुणी राहिलेले घर घेणाऱ्यांसाठी, आणि ते विकणाऱ्यांसाठीही, थोडे तपशिलात लिहितो.

घरात शिरल्यावर दिवाणखान्यातल्या पडद्यांचे कौतुक नंतर करा. आधी नळ सोडा. पाणी वाया जाते अशी कुणी कुरकुर केली तर बादली लावा, नाहीतरी ती लागणारच आहे. दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर धार ठीक. दोन मिनिटांहून जास्त लागली तर पाइप आतून गंजून चिंचोळे झालेत, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा टाकीची उंची कमी आहे, यांपैकी काहीतरी आहे. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे हमखास दिसते. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे जेमतेम एक बार दाब मिळतो. अडीच मीटरवर टाकी असेल तर पाव बार. तेवढ्यात भिंतीवरचा शॉवर नुसता ठिबकतो. असे घर टाकू नये, पण दाब वाढवणाऱ्या पंपाचा खर्च भावात धरावा.

आता ती भरलेली बादली न्हाणीच्या जाळीपाशी एकदम ओता. पाणी गडगडत खाली गेले तर छान. ते फुगून वर आले, बुडबुडे आले किंवा शेजारच्या बेसिनमधून गुडगुड ऐकू आली, तर सांडपाण्याची वाट कुठेतरी तुंबली आहे किंवा हवेचा पाइप काम करत नाही. न्हाणीची फरशी जाळीकडे मीटरला निदान 10 ते 12 मिमी उतरती हवी. डोळ्यांना हा उतार कळत नाही, पाणी ओतले की कळतो. कोपऱ्यात डबके राहिले तर ते रोज राहणार आणि तिथूनच ग्राउट (फरश्यांमधल्या फटींत भरलेला मसाला) झिजून पाणी खाली उतरणार. घर बरेच दिवस बंद असेल आणि घाण वास येत असेल तर लगेच घाबरू नका. ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात, साधारण 50 मिमी पाणी कायम उभे असते, तेच वास अडवते. वापर नसला की ते आटते. तांब्याभर पाणी ओतून अर्ध्या तासाने पुन्हा वास घ्या. तरीही येत असेल तर मात्र सांधा फुटलेला असण्याची शक्यता धरा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ओलीच्या बाबतीत. ओल चार वाटांनी येते: जमिनीतून, पावसातून, पाइपातून आणि हवेतून. उपाय प्रत्येकीचा वेगळा आणि खर्चही वेगळा, म्हणून 'थोडी ओल आहे, रंग दिला की जाईल' या वाक्याला काही अर्थ नाही. जमिनीतून चढणारी ओल बहुधा मीटरभराच्या वर जात नाही. तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरट, वाकडीतिकडी रेघ उमटते आणि खालचे प्लास्टर भुसभुशीत होते. हे दुखणे तळमजल्याचे. चौथ्या मजल्यावर भिंतीच्या पायथ्याशी असे दिसले तर भिंतीपलीकडे न्हाणी आहे का ते पाहा, बहुतेक असतेच. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीभोवती, सज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यात ठिगळासारखी येते आणि ऊन पडले की फिकी होते. म्हणून मुसळधार पावसानंतर दोन दिवसांच्या आत एक फेरी माराच. छतावरच्या तपकिरी कडेच्या डागाचे मूळ वर असते. डाग सतत ओला राहत असेल तर दाबाचा, म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप गळतो. वरच्यांची आंघोळ झाली की ओला होत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे.

चौथी ओल हवेतली. कपाटामागे, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात काळ्या बुरशीचे ठिपके, पण क्षार नाहीत, प्लास्टरही टणक. ही भिंतीतली ओल आहे की हवेतली, हे ओळखायला ॲल्युमिनियम फॉइलचा 30 सेंमी लांब-रुंद तुकडा घ्या, भिंत पुसून कोरडी करा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून तो भिंतीवर लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष वायुवीजनाचा, खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागेल. फॉइलच्या आतून भिंत घामेजलेली निघाली तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. ओल मोजायचे दोन टोकांचे मीटर आणणारे सल्लागारही भेटतात. ते मीटर मुळात लाकडासाठी आखलेले असते. प्लास्टरमध्ये क्षार असले की ते उगाच जास्त आकडा दाखवते. आकड्यावर भाळू नका. त्याच घरातली कोरडी भिंत आणि संशयित भिंत, एवढी तुलनाच खरी.

आणि 'एकाच' हा शब्द लक्षात ठेवा. एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच भिंतीला वॉलपेपर किंवा लाकडी पॅनेल, एकाच खोलीत फॉल्स सीलिंग, एकाच कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेले कपाट. कारण विचारा. कपाट हातभर पुढे ओढायची परवानगी मागा. प्रामाणिक घरमालक ती देतो.

विकणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. गळती बंद केली, आठवड्याने पुट्टी मारली, रंग काढला आणि गिऱ्हाईक बोलावले. विटांची भिंत वाळण्याचा बांधकामातला ढोबळ हिशेब असा की जाडीच्या दर 25 मिमीला हवेशीर खोलीत साधारण महिना लागतो. पूर्ण भिजलेली 230 मिमीची भिंत म्हणजे नऊ महिने. तिच्यावर चकचकीत रंगाचा पापुद्रा चढवला की आतले पाणी अडकते आणि रंगाला फोड येतात, नेमके सौद्याच्या बोलणीत. क्षार खाल्लेले प्लास्टर तर खरवडून काढावेच लागते, कारण क्षार हवेतला दमटपणा ओढत राहतात आणि भिंत कोरडी असूनही ओली दिसते. त्यापेक्षा गळती दुरुस्त करा, खराब प्लास्टर काढून ती जागा उघडी ठेवा आणि येणाऱ्याला दाखवा: इथे सांधा फुटला होता, अमुक तारखेला बदलला, हे बिल आणि हे टाइल लावण्याआधीचे पाइपांचे फोटो. उघडी भिंत दाखवायला संकोच वाटतो, कबूल. पण जाणकार ग्राहक लपवलेल्या दोषाचा खर्च मनात दुप्पट धरतो आणि दाखवलेल्या दोषाचा बिलाएवढाच.

भेगांची लोक नको तेवढी धास्ती घेतात आणि नको तिथे घेत नाहीत. प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा प्लास्टर आकसल्यामुळे पडतात. वीटकाम आणि काँक्रीटचा कॉलम (खांब) जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेगही बहुधा निरुपद्रवी. दोन पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावतात आणि सांध्यावर जाळी मारायची कुणीतरी राहून गेलेले असते. मापासाठी खिशातले एटीएम कार्ड पुरते. त्याची जाडी 0.76 मिमी असते. कड भेगेत शिरली नाही तर भेग त्याहून अरुंद. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती होणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी जाणारी भेग पाया खचल्याचे सांगत असू शकते. ती 5 मिमीच्या पुढे असेल किंवा तिच्यामुळे दार अडकत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. परवानगी घेऊन भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या फेरीला ती खुणेच्या पुढे सरकली का ते बघा.

खरी भीती काँक्रीटमधल्या भेगांची. बीमच्या (तुळईच्या) खालच्या अंगाला लांबीच्या दिशेने जाणारी भेग, किंवा कॉलमच्या कोपऱ्यालगत सळईच्या रेषेत उभी भेग, म्हणजे आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. बीमच्या टोकाला, आधाराजवळची तिरकी भेग त्याहून गंभीर. रंगरंगोटी घराच्या आतच होते. जिन्याखाली, तळघरात, पार्किंगच्या छताला कुणी करत नाही. इमारतीची तब्येत तिथे आधी पाहा. पोपडे पडून सळया उघड्या दिसत असतील तर तुमच्या दिवाणखान्यातली गुळगुळीत भिंत काही सिद्ध करत नाही. जुन्या इमारतीत अभियंत्याकडून फिनॉल्फ्थेलीन या रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग निरोगी असेल तर द्रवाने गुलाबी होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली संपलेला भाग तसाच राहतो. हा रंग न बदललेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचे संरक्षण संपले, मग ती दिसायला आज ठीक असली तरी.

विजेचे थोडक्यात. मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का बघा. त्याचे 'टेस्ट' बटण दाबले की खटका पडलाच पाहिजे. पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असे मात्र होत नाही, ते वायरमनकडून वेगळे मोजून घ्यावे. दुसरी पाहण्याची जागा म्हणजे एमसीबी, जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका. 1.5 चौरस मिमीच्या बारीक वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवलेला आढळला तर समजा की आधी तो वारंवार पडत होता आणि कुणीतरी कारण शोधण्याऐवजी मोठा बसवून टाकला. अशा जोडणीत खटका पडण्याआधी वायर तापते. लाकडासाठी एक स्क्रूड्रायव्हर पुरे. न्हाणीच्या दाराच्या चौकटीचा तळ आणि भिंतीतल्या कपाटांची पाठ टोचून बघा. पोकळ आवाज किंवा पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर वाळवी आहे.

क्षेत्रफळ स्वतः मोजा, भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून आतल्या पृष्ठभागापर्यंत. कागदावरची 3 × 4 मीटरची खोली प्रत्यक्षात दोन्हीकडे फक्त 10 सेंमी कमी भरली तर 12 ऐवजी 11.31 चौरस मीटर होते. एका खोलीत जवळपास साडेसात चौरस फूट गेले, आणि भाव चौरस फुटावर लागतो.

भाव ठरला, पण पूर्ण रक्कम अजून द्यायची आहे, या टप्प्यावर न्हाणीची पाण्याची चाचणी मागून घ्या. जाळीचे तोंड बंद करून फरशीवर 25 मिमी पाणी चोवीस तास उभे ठेवायचे आणि खालच्या मजल्यावरचे छत आधी आणि नंतर पाहायचे. पाणी उंबऱ्याच्या वर जाणार नाही एवढी काळजी घ्यायची. खालच्या शेजाऱ्याला आधी सांगा. तोच कदाचित तुम्हाला सगळा इतिहास ऐकवेल. तपासणीत अमुक दोष निघाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल किंवा दुरुस्तीचा खर्च वजा होईल, हे इसार देण्यापूर्वी लेखी हवे. तोंडी 'बघून घेऊ' नंतर कुणालाच आठवत नाही. घरात काय राहणार याचीही यादी करा: गिझर, पंखे, पडद्यांचे रॉड, पाण्याचा पंप, स्वयंपाकघरातली चिमणी. भांडणे नेहमी असल्या किरकोळ गोष्टींवरून होतात. विकणाऱ्याने माहीत असलेल्या दोषांची यादी त्याच करारनाम्याला जोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द त्या यादीनंतरच शोभतात.

ताबा घेण्याच्या दिवशी सामान हललेले असते आणि कपाटामागच्या भिंती पहिल्यांदा दिसतात, तेव्हा घाईत किल्ल्या घेऊ नका. भिंतींचे, वीज आणि पाण्याच्या मीटरांचे तारखेसह फोटो काढा. मग सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि तासभर कुणालाही पाणी वापरू देऊ नका. आकडा सरकला तर गळती कुठे आहे ते आधी शोधा. पहिला संशय फ्लशच्या टाकीचा. तिच्यात खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि वीस मिनिटे फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर एका रबरी वॉशरवर प्रकरण मिटते. नाही उतरला तर पाइप भिंतीत किंवा फरशीखाली गळतो आहे, आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे किल्ल्या हातात घेण्यापूर्वी ठरले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता